खाऱ्या पाण्यातला जमाखर्च



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरनं उभं राहावं, आणि त्यातही जैन घरातल्या माणसानं मासे खाऊन जगणाऱ्या प्राण्यांवर बोलावं, हे जरा गमतीचं आहे. विषय कळल्यावर मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलंच, "डॉक्टर, तुमचा आणि समुद्राचा संबंध काय?" त्यांना मी सांगितलं की संबंध माझ्या दवाखान्यातल्या कपाटात आहे. तिथं तीन बाटल्या शेजारीशेजारी नसल्या तरी एकाच घरच्या आहेत. नेट्रम म्युर म्हणजे साधं मीठ. सेपिया म्हणजे माकूल नावाच्या समुद्री जिवाची शाई. आणि अंब्रा ग्रिसिया म्हणजे वर्तमानपत्रं जिला 'व्हेल माशाची उलटी' म्हणतात ती वस्तू.

या उलटीच्या बातम्या तुम्ही वाचता. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, मुंबई, कुठं ना कुठं कोणीतरी ती विकताना पकडला जातो आणि बातमीत कोटींचे आकडे असतात. पण ती वस्तू मुळात काय आहे हे बातमीत क्वचितच येतं. स्पर्म व्हेल हा प्रचंड डोक्याचा देवमासा खोल समुद्रात माकूल खातो. माकुलाचं मऊ अंग पचतं, त्याची टणक चोच पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो, काही आतड्यात जातात. त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचत जातो, आणि बहुधा विष्ठेबरोबर बाहेर पडून वर्षानुवर्षं समुद्रावर तरंगत राहतो. म्हणजे अत्तरवाल्यांनी जिच्यासाठी सोनं मोजलं ती वस्तू म्हणजे एका प्राण्याच्या न पचलेल्या जेवणाचा हिशोब आहे. आपल्या देशात स्पर्म व्हेलला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि या वस्तूचा व्यापार हा गुन्हा आहे. तेव्हा कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा.

मला आज बोलायचं आहे ते या हिशोबाविषयी. समुद्रातले सस्तन प्राणी आणि समुद्री पक्षी मुळात जमिनीचे आणि हवेचे जीव आहेत. त्यांना कल्ले नाहीत. त्यांचं रक्त उष्ण आहे. त्यांच्या शरीराला गोडं पाणी लागतं. असं शरीर घेऊन ते खाऱ्या पाण्यावर पोट भरतात. त्यासाठी त्यांना तीन खाती सांभाळावी लागतात: श्वासाचं, उबेचं आणि मिठाचं. या तीन खात्यांतला खर्च भागवून जो उरतो तो नफा. त्या नफ्यावर पिल्लं वाढतात. नफा फार थोडा असतो, आणि आपण किनाऱ्यावरची माणसं नकळत त्यातच हात घालतो. हे मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

जमिनीवरून पाण्यात

देवमासा मासा नाही हे शाळेत शिकलेलं असतं. पण तो पाण्यात कुठून गेला, हे वाचलं की मला आपल्या प्रदेशाचा अभिमान वाटतो. काश्मीरमध्ये सापडलेल्या 'इंडोहायस' या जीवाश्मावर 2007 साली संशोधन प्रसिद्ध झालं. मांजराएवढा, हरणासारख्या खुरांचा हा प्राणी देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक होता. आपल्या शेजारच्या कच्छमध्ये तर चार पायांच्या देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. त्यातल्या एकाला शास्त्रज्ञांनी 'कच्छिसेटस' असंच नाव दिलं. साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वी ही मंडळी उथळ पाण्यात शिकार करत होती. पुढं मागचे पाय गेले, पुढच्या पायांची वल्ही झाली, नाकपुड्या सरकत डोक्याच्या माथ्यावर आल्या. मात्र फुप्फुस राहिलं, गर्भाशय राहिलं, दूध राहिलं. जैन पाठशाळेत आम्ही जलचर, स्थलचर आणि खेचर असे पंचेंद्रिय प्राण्यांचे भाग पाठ करायचो. देवमासा जलचर खरा, पण त्याच्या शरीरात स्थलचराची सगळी जुनी कागदपत्रं जपून ठेवलेली आहेत.

श्वासाचं खातं

आपण साधा श्वास घेतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर हवा आतबाहेर होते. फुप्फुसाची क्षमता पाच-सहा लिटरची असते, म्हणजे दर श्वासाला फार तर दहावा भाग बदलतो. देवमासे आणि डॉल्फिन एका श्वासात फुप्फुसातली ऐंशी ते नव्वद टक्के हवा बदलतात. वर येतात, फुस्स करतात, भरून घेतात आणि जातात. वर रेंगाळण्यात वेळ घालवला तर खाली शिकारीला कमी मिळतो.

पण खरा साठा फुप्फुसात नसतोच. खोल पाण्याच्या दाबाखाली फुप्फुस आकसून जातं आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडतं, कारण मग हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा उतरत नाही. प्राणवायूची शिदोरी असते रक्तात आणि स्नायूंत. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं तांबडं द्रव्य असतं. आपल्यातही असतं, पण यांच्यात इतकं असतं की त्यांचं मांस काळपट दिसतं. बुडी मारली की हृदय मंद होतं आणि रक्त मुख्यत्वे मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून त्याचे ठोके मोजले. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. खोल बुडीत ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरले होते आणि वर आल्यावर पस्तीसच्याही वर गेले होते. असा रोगी माझ्या दवाखान्यात आला असता तर मी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली असती. देवमाशासाठी मात्र ही काटकसर आहे. तिचा लहानसा अंश आपल्यातही आहे. थंड पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखला तर आपलीही नाडी थोडी मंदावते.

या काटकसरीवर स्पर्म व्हेल पाऊण तास पाण्याखाली राहून माकूल शोधतो. कुव्हिए नावाचा चोचीचा देवमासा त्याच्याही पुढचा. त्याची एक बुडी तीन तास बेचाळीस मिनिटं चालल्याची नोंद आहे. डॉल्फिनचा श्वास तर आपल्यासारखा झोपेत आपोआप चालत नाही. म्हणून तो अर्धा मेंदू झोपवतो आणि अर्धा जागा ठेवतो. रात्रपाळी करणाऱ्या आपल्याकडच्या कामगारांना मी हे सांगतो, तेव्हा ते म्हणतात, "डॉक्टर, आमचंही तसंच चालतं."

या खात्याचा अर्थ मच्छीमाराच्या जाळ्यापाशी कळतो. मासा जाळ्यात अडकला तरी पाण्यात श्वास घेऊ शकतो. डॉल्फिन अडकला तर शिदोरी संपेपर्यंतच वेळ असतो. तो बुडून मरतो. समुद्रात जन्मलेला प्राणी पाण्यात बुडून मरतो, हे वाक्य विचित्र वाटतं, पण अगदी खरं आहे.

उबेचं खातं

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. म्हणून या प्राण्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तोच त्यांचा स्वेटर आणि तोच अन्नाचा कोठार. पक्ष्यांची पद्धत वेगळी. ते शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना लावत राहतात, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. पाणकावळ्याची पिसं मात्र भिजतात. दमणगंगेच्या काठी किंवा मधुबन धरणाच्या पाण्यावर एखाद्या वठलेल्या खोडावर तो पंख पसरून बसलेला तुम्ही पाहिला असेल. भिजण्याचा फायदा असा की पिसांत हवा कमी राहते, बुडी सोपी होते आणि पाण्याखाली माशाचा पाठलाग जमतो. तोटा असा की नंतर उन्हात वाळत बसावं लागतं. फुकट काहीच मिळत नाही.

चरबीच्या थराची दुसरी बाजू नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला दिसली. देवमाशाचं एक पिल्लू किनाऱ्याच्या वाळूत येऊन अडकलं. गावकरी, वन खातं, जीवरक्षक, बोटवाले सगळे धावले. ओल्या कापडांनी त्याचं अंग झाकलं, पाणी मारत राहिले. दोनेक दिवसांच्या खटपटीनंतर त्याला ओढून खोल पाण्यात नेलं. ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि गेलं. लोकांनी जीव ओतला होता, यात शंका नाही. मग असं का झालं? पाण्यात देवमाशाचं वजन पाणी उचलून धरतं. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसावर आणि स्नायूंवर बसतं, रक्तपुरवठा दबतो. आणि जो चरबीचा थर समुद्रात त्याला ऊब देतो तोच उन्हात त्याला आतून भाजतो. शिवाय दूध पिणारं पिल्लू आईपासून तुटलं की त्याच्याकडं जमा काहीच नसते, नुसता खर्च चालू राहतो. किनाऱ्यावर आलेला प्राणी बहुतेक वेळा आधीच दिवाळखोरीत निघालेला असतो. समुद्रात परत ढकलणं हा त्याचा उपचार नसतो.

मिठाचं खातं

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. आपलं मूत्रपिंड एवढं दाट मीठ बाहेर टाकू शकत नाही. म्हणून तहानलेल्या माणसानं समुद्राचं पाणी प्यायलं तर मीठ बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्ची पडतं आणि तो अधिकच सुकतो. देवमासे आणि डॉल्फिन यावर दोन उपाय करतात. समुद्राचं पाणी फारसं पीत नाहीत. पाणी घेतात ते माशाच्या शरीरातलं आणि चरबी जाळताना तयार होणारं. त्यांचं मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखं शेकडो छोट्या भागांचं असतं आणि दाट मूत्र तयार करतं. म्हणजे मासा हे त्यांचं जेवणही असतं आणि पाण्याचा तांब्याही. उपाशी डॉल्फिन तहानलेलाही असतो.

पक्ष्यांची युक्ती कळायला 1957 साल उजाडावं लागलं. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाला आढळलं की समुद्री पक्ष्यांच्या डोळ्यांवर मिठाची ग्रंथी असते. ती रक्तातलं जादा मीठ वेचते आणि समुद्राहूनही खारट पाणी नाकपुडीतून टाकते. दमणला जेटीवर बसलेल्या कुरवाच्या, म्हणजे आपण सीगल म्हणतो त्याच्या, चोचीच्या टोकाला कधी थेंब लोंबताना दिसला तर त्याला सर्दी झाली असं समजू नका. त्याचं मूत्रपिंडाचं काम नाकातून चाललेलं असतं.

कमाई

आता जमेची बाजू. कमाई करण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की मी चारच सांगतो, आणि चारही आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या.

पहिला, आपल्या किनाऱ्याचा डॉल्फिन. पाठीवर कुबड असलेला, राखाडी रंगाचा. गुजरातपासून खाली केरळपर्यंत तो किनाऱ्याला चिकटून, उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतो. तारकर्ली-देवबागला बोटीतून जे डॉल्फिन दाखवतात ते हेच. खाडीचं पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसत नाही. तो कपाळातून टकटक आवाज सोडतो, आवाज माशावर आपटून परत येतो आणि खालच्या जबड्यातल्या चरबीतून त्याच्या कानापर्यंत पोहोचतो. म्हणजे तो जबड्यानं ऐकतो. बोय, तारली असे किनाऱ्याचे मासे त्याच्या जेवणात असतात. मच्छीमारालाही तेच हवे असतात, म्हणून दोघांची गाठ जाळ्यापाशीच पडते. सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण संशोधकांच्या गटानं या डॉल्फिनांचा आणि मच्छीमारांशी असलेल्या त्यांच्या नात्याचा अभ्यास केला आहे. डॉल्फिनची मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचं व्हायला काही वर्षं जातात. म्हणून जाळ्यात गेलेली एक मादी म्हणजे त्या कळपाच्या भांडवलातली तूट असते.

दुसरा, समुद्र गरुड. पांढऱ्या पोटाचा हा मोठा शिकारी पाण्यात बुडी मारत नाही. पृष्ठभागाजवळ आलेला मासा किंवा समुद्रसाप पंजानं उचलतो आणि झाडावरच्या घरट्यात नेतो. पिसं भिजवण्याचा खर्चच तो करत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोकण किनाऱ्यावर फिरून त्याच्या घरट्यांची मोजदाद केली. हीच संस्था पुढं वेळासच्या कासवांसाठी प्रसिद्ध झाली. गरुडाची घरटी आंबा, सुरू अशा उंच झाडांवर असतात, आणि ती झाडं बहुधा कोणाच्या तरी मालकीची असतात. म्हणजे समुद्रातल्या एका शिकाऱ्याचं घर कोकणातल्या एखाद्या कुटुंबाच्या वाटणीपत्रावर अवलंबून असतं.

तिसरे, सुरय पक्षी. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. 1875 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम तिथं पक्षी पाहायला गेले होते. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत आलं. पुढं हुमायून अब्दुलअली यांनी या बेटांवरच्या सुरयांवर लिहिलं. सुरयाचं वजन मूठभर. तो पाण्यावर घिरट्या घालतो, थबकतो आणि चोचीनं वरवरचा मासा टिपतो. खोल जाणं त्याला जमत नाही, म्हणून खालच्या मोठ्या माशांनी छोटे मासे वर पिटाळले की त्याची चंगळ होते. पिल्लू बेटावर, मासा दूर, आणि प्रत्येक फेरीत एकच घास. त्या बेटावर माणूस उतरला की सगळी वसाहत उडते, अंडी उन्हात उघडी पडतात. दहा मिनिटांच्या आपल्या सहलीत त्यांचा हंगाम जाऊ शकतो.

चौथा सगळ्यात लहान, विल्सनचा वादळी पाखरू. चिमणीपेक्षा थोडा मोठा, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. पिल्लं वाढवतो अंटार्क्टिकाजवळ आणि तिकडे थंडी पडली की आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रावर येतो. पाय लोंबते ठेवून तो लाटांवर चालल्यासारखा उडतो आणि जवळ्यासारखे बारीक जीव टिपतो. एवढ्या अफाट पाण्यात जेवण कुठं आहे हे त्याला कसं कळतं? वासानं. समुद्रातली सूक्ष्म वनस्पती खाल्ली जात असताना डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. या जातीचे पक्षी त्या वासाचा माग काढत जातात. जिथं वास, तिथं जेवण.

पावसाळी वाऱ्याची भाकरी

जून लागला की आपण आभाळाकडे बघतो. जो नैर्ऋत्य वारा आपल्याला पाऊस देतो तोच समुद्रालाही जेवण देतो, हे मात्र आपल्या लक्षात नसतं. हा वारा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी दूर लोटतो, आणि खालचं थंड, खतानं भरलेलं पाणी वर येतं. आपल्या बाजूला केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळही थोडं असंच घडतं. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर तारली आणि त्यांच्यावर देवमासे.

इतर समुद्रांतले कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे जाऊन खातात आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात येऊन वितात. अरबी समुद्रातले कुबडे देवमासे कुठंच जात नाहीत. आपला पावसाळी वारा त्यांना इथंच वाढतो. हे कसं कळलं, ते सांगताना मला जड जातं. 1960 च्या दशकात, मुख्यतः नोव्हेंबर 1966 मध्ये, सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यालगत 242 कुबडे देवमासे बेकायदा मारले. पोटं फाडल्यावर अनेकांच्या पोटात जवळ्यासारखे जीव आणि मासे भरलेले सापडले. म्हणजे हे इथंच जेवत होते. त्या नोंदी पुढं 1997 साली प्रसिद्ध झाल्या. आज ओमानच्या किनाऱ्यालगतची त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी असा अंदाज आहे. त्यांच्या जनुकांवरून दिसतं की हा कळप हजारो वर्षं इतरांपासून वेगळा राहिलेला आहे. ते गेले तर त्यांची जागा भरायला दुसरीकडून कोणी येणार नाही.

त्यांच्यातलीच एक लुबान. लुबान म्हणजे अरबीत ऊद. 2017 च्या अखेरीस ओमानला तिच्या अंगावर उपग्रहाला खूण पाठवणारं यंत्र लावलं होतं. लुबान अरबी समुद्र ओलांडून थेट गोव्यासमोर आली आणि पुढं दक्षिणेला कन्याकुमारीकडे गेली. त्याच वर्षी गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी कुबड्या देवमाशांचं गाणं टिपलं होतं. तेव्हा लुबान परकी नव्हे, आपल्याच समुद्रातली शेजारीण आहे. पारपत्राशिवाय ये-जा करते एवढंच.

हाच पावसाळी वारा काहींना महागात पडतो. दर पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मास्क्ड बूबी नावाचे मोठे पांढरे पक्षी थकून पडलेले सापडतात. उंचावरून बाणासारखी उडी मारून मासा पकडणारा हा पक्षी. आपटल्याचा मार झेलायला त्याच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात. पण वादळात दिवसेंदिवस शिकार होत नाही आणि त्याची शिल्लक संपते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ दीव-ऊनाच्या मधून जमिनीवर आलं, तेव्हाही एरवी किनारा न पाहणारे समुद्री पक्षी जमिनीकडे ढकलले गेले. असा पक्षी दिसला की लोक दोन गोष्टी करतात. चोच उघडून पाणी ओततात, आणि 'समुद्राचा जीव आहे' म्हणून परत लाटेत सोडतात. दोन्ही चूक. ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं, आणि लाटेत सोडणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला दवाखान्याच्या पायरीवरून परत रस्त्यावर ढकलणं. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन खात्याला कळवा. महाराष्ट्रात असाल तर 1926 हा वन खात्याचा क्रमांक आहे. चोच टोकदार असते, तेव्हा चेहरा दूर ठेवा.

दया कशाला म्हणायचं

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड भाग. तो तुमच्या-माझ्या घरातला आहे.

हिवाळ्यात कुरव येतात. त्यातले तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी पिल्लं वाढवून खाली उतरतात. मुंबईत मांडव्याच्या बोटीवर, सुरतेला तापीकाठी लोक त्यांना गाठिया आणि शेव उडवतात. फोटो छान येतात. आपल्याकडे पक्ष्याला दाणा घालणं हे पुण्य, आणि आमच्या समाजात तर जीवदया हा संस्कारच. म्हणून कोणी मला विचारतं, "डॉक्टर, देतोच आहे ना, मारत तर नाही?" मी म्हणतो, रोग्याला काय सोसतं हे न बघता दिलेलं औषध आणि जिवाला काय लागतं हे न बघता दिलेलं अन्न, दोन्ही एकाच जातीचं. मिठाची काळजी कुरवाला नाही, त्याच्याकडे ग्रंथी आहे. पण तळलेल्या बेसनात माशातली प्रथिनं नाहीत, काट्यांतलं कॅल्शियम नाही. पोट भरतं, शरीर भरत नाही. मार्चमध्ये त्याला हिमालय ओलांडायचा असतो. त्या प्रवासाची शिदोरी गाठियावर बांधून देणं ही दया होत नाही.

मी स्वतः मासे खात नाही, आणि कुरवानंही शाकाहारी व्हावं असं वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. पण अहिंसेचा नियम माणसानं स्वतःसाठी स्वीकारलेला आहे. माकूल खाणाऱ्या देवमाशाला दुसरा मार्गच नाही. त्याच्याकडे विवेकाची वही नाही, भुकेची आहे. त्याच्या जेवणाला नाक न मुरडता त्याचं जेवण त्याला मिळू देणं, ही मला आपल्या वाट्याची अहिंसा वाटते.

आणि आता दमणगंगा. सह्याद्रीत नाशिक जिल्ह्यात उगम पावून ती मधुबनमधून आपल्या सिल्वासाजवळून जाते आणि नानी दमण-मोटी दमणच्या मधून समुद्राला मिळते. आपण समुद्रापासून आत राहतो, दमण तासाभराच्या रस्त्यावर, म्हणून समुद्राशी आपला संबंध सुटीपुरता असं वाटतं. नदीला तसं वाटत नाही. आपल्या गावात सूत आणि प्लॅस्टिकचे कारखाने आहेत. आपल्यापैकी कित्येकांची घरं, मुलांची शिक्षणं त्यावर झाली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगतो. 2016 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्वच्छ प्लॅस्टिकचे मणी समुद्रात टांगून ठेवले. महिन्याच्या आत त्या मण्यांना डायमिथाइल सल्फाइडचा वास येऊ लागला, कारण त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पती चढली होती. तोच वास, ज्याच्या मागे वादळी पाखरू अंटार्क्टिकाहून येऊन आपलं जेवण शोधतं. पिशवी खाणारा पक्षी मूर्ख नसतो. हजारो पिढ्या ज्या खुणेनं त्याला वाचवलं, त्याच खुणेला आपला कचरा आता उत्तर देतो. चाळीस ग्रॅमच्या शरीरात प्लॅस्टिकनं जागा अडवली तर जेवणाला किती उरणार, हे गणित तुम्हीच करा.

उपाय मोठे सांगून मी टाळ्या घेणार नाही. घरातल्या गोष्टी सांगतो. पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतलं गटार आणि ओहोळ साफ झाला, तर तिथला कचरा जुलैत दमणला पोहोचत नाही. गणपतीचं निर्माल्य पिशवीसकट नदीत जाऊ नये, एवढं प्रत्येक घर करू शकतं. दमणला किंवा कोकणात गेलात तर कुरवांना लांबून पाहा, त्यांची मासे टिपण्याची कसरत गाठियापेक्षा कितीतरी चांगली करमणूक आहे. डॉल्फिन पाहायला बोट केलीत तर नाखव्याला पाठलाग करू नको म्हणा. ज्याला वर येऊन श्वास घ्यायचा आहे त्याच्या डोक्यावर इंजिन आणू नये. आणि मच्छीमाराला दोष देण्यापूर्वी हे लक्षात ठेवा की महाराष्ट्र सरकारनं 2018 च्या अखेरीस एक योजना आणली. त्यात जाळ्यात आलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडणाऱ्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं हे त्याच्या घरचं भांडवल असतं. ते स्वतःच्या हातानं कापणारा कोळी माझ्या मते आपल्या सगळ्यांपेक्षा मोठी जीवदया करतो.

मित्रहो, आपली मराठी घरं या गावात दोन-तीन पिढ्या रुजली आहेत. नवीन ठिकाणी टिकायचं तर तिथल्या हवापाण्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि तरी आतलं काही जपावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. देवमाशानं ते पाच कोटी वर्षांत केलं. त्याचा जमाखर्च तो आजही चोख ठेवतो. त्याच्या वहीत आपल्या नावावर खर्चाची नवी ओळ पडू नये, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.